मिटत गेलेला हात

कोयता आबांच्या हातातून पडला तेव्हा आधी कोणाला काही वाटलं नाही. चाळीस वर्षं बांबू फोडणाऱ्या माणसाच्या हातातून कोयता असा पडत नसतो, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. आबांनी तो उचलायला हात खाली नेला. हात कोयत्यापर्यंत पोचला, पण बोटं काही केल्या मुठीवर आवळेनात. मग ते फोडलेल्या कामट्यांच्या ढिगावर कुशीवर कलंडले. मुलगा समोरच टोपलीचं बूड विणत बसला होता. त्याला वाटलं, काही कारणानं चिडून आडवे झाले. मुलाच्या बायकोनं चुलीपासून पाहिलं आणि तीच आधी धावली.

मोठ्या गावच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. उजवी बाजू गेली होती. पायात हळूहळू थोडं बळ आलं, धरून चार पावलं टाकता येऊ लागली. बोलणं मात्र दोन-तीन शब्दांवर येऊन थांबलं. त्यातला एकच स्पष्ट यायचा. "असू दे." पाणी हवं का विचारलं तरी असू दे, उशी उंच करू का म्हटलं तरी असू दे.

घरी सोडायच्या दिवशी व्यायाम शिकवणारे डॉक्टर आले. त्यांनी आबांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट उघडून दाखवलं. मग मनगट, कोपर, खांदा. "सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा. आत्ता हा हात सैल आहे. पुढं आखडायला लागेल. पहिले तीन महिने महत्त्वाचे. रोज उघडला नाही तर मूठ मिटत जाईल, आणि एकदा पक्की मिटली की मग मलाही उघडता येणार नाही."

मुलानं तिथंच, वॉर्डातल्या सगळ्यांसमोर, बापाच्या डोक्यावर हात ठेवला. "आबांची शपथ, डॉक्टर. एक दिवस चुकणार नाही. दुसऱ्या कोणाला मी या हाताला हातच लावू देणार नाही. हे काम माझं."

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको मात्र पिशवीची नाडी बांधत खाली बघत राहिली. तिचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती.

गावात त्याला सगळे शपथ्या म्हणत. तंबाखू सोडायची शपथ त्यानं इतक्यांदा घेतली होती, की पानपट्टीवाला तो दिसला की आधी "सोडली का धरली?" एवढंच विचारायचा. एकदा रोज पहाटे उठून टेकडीपर्यंत चालायचं ठरवलं. त्यासाठी बूट आणले. ते बूट आता बायको शेण काढताना घालायची. माणूस वाईट नव्हता. उलट प्रत्येक वेळी त्याच्या मनात खरंच भरून यायचं, आणि ते भरून आलेलं चार माणसांना सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे. सांगून झालं की अर्धं काम उरकल्यासारखं हलकं वाटायचं. तिथंच घोडं अडायचं.

या वेळी मात्र त्यानं कंबर कसली. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पडक्या विहिरीवरची कप्पी काढून आणली, तेलपाणी केलं आणि आढ्याला टांगली. तिच्यावरून दोर सोडला, दोराच्या दोन्ही टोकांना गुळगुळीत तासलेल्या बांबूच्या मुठी बांधल्या. चांगल्या हातानं एक मूठ ओढली की दुसरीत अडकवलेला लुळा हात आपोआप वर जायचा. पुठ्ठ्यावर कागद चिकटवून तीन महिन्यांचे चौकोन आखले, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. तक्ता आबांच्या खाटेसमोर भिंतीवर ठोकला आणि त्याला दोरीनं पेन्सिल बांधली. लोक बघायला आले. बागवाले, ज्यांच्या फळबागेला यांच्या घरातून दरवर्षी टोपल्या जायच्या, ते स्वतः दोर ओढून बघून गेले. "डोकं आहे तुला," म्हणाले. तो दिवसभर ते बोलणं चघळत राहिला.

पहिले नऊ दिवस तो डोळ्यांत तेल घालून बसला. पंधरा मिनिटं सांगितली होती, तो चाळीस करायचा. आबांच्या कपाळावर घाम यायचा. "बास का, आबा?" "असू दे," आबा म्हणायचे, आणि त्याचा अर्थ चालू दे असा तो घ्यायचा.

दहाव्या दिवशी बागवाल्यांचा माणूस आला. फळ यंदा लवकर उतरत होतं. उन्हाचा कडाका असा होता की देठ झाडावरच वाळत होते. तीनशे टोपल्या पंधरा दिवसांत हव्या होत्या. दरवर्षी दोघं विणायचे, आता विणणारा एकच. बायको कामट्या सोलायला बसली. घराच्या ओट्यावर हिरव्या सालींचा ढीग साचू लागला. शपथ्याची बोटं चिरली, चिरांमध्ये बांबूचं कुसळ जाऊन पू झाला, तरी तो विणत राहिला. त्या दिवशी सकाळचा व्यायाम राहिला. संध्याकाळी चाळीस मिनिटं काढायचं त्याच्या अंगावर आलं. पाच-दहा मिनिटं करणं त्याला थट्टा केल्यासारखं वाटलं.

"आबा, आज राहू दे का? उद्या दुप्पट करू."

"असू दे."

दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच दुप्पट केलं. आदल्या दिवशीचं फेडायचं म्हणून दोर जोरात ओढला, हात कानापर्यंत नेला. आबांच्या घशातून एक आवाज निघाला, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले. खांदा सुजला. मग दोन दिवस सूज उतरायची वाट पाहिली. सूज उतरली तेव्हा टोपल्यांची घाई गळ्याशी आली होती. असं करत करत आठवडा गेला. आठवडा गेल्यावर आता सुरुवात करायची तर कसून करायला पाहिजे, सोमवारपासून, असं त्यानं ठरवलं. सोमवार आला आणि गेला.

बायको एकदा म्हणाली, "अहो, मी करू का रोज थोडं? अंग पुसतेच मी त्यांचं."

"तू मध्ये पडू नकोस. मी शब्द दिलाय," तो तिच्यावर खेकसला. "करतोय ना मी."

तिनं पुन्हा विषय काढला नाही. अंग पुसताना आबा तो हात छातीशी ओढून धरायचे, तीही मग तेवढा सोडून बाकीचं पुसायची. कप्पीच्या दोरावर तिनं पहिल्यांदा ओला टॉवेल टाकला तेव्हा तिलाच कसंतरी झालं. नंतर कांद्यांची माळही तिथंच लटकली, कारण दुसरीकडे उंदीर खात होते.

तीनशे टोपल्या गेल्या. त्यानंतर निरोप आला की नर्सबाई येणार आहेत. नर्सबाई आसपासच्या सात-आठ गावांत घरोघर फिरायच्या, कोणाचं बाळंतपण, कोणाची जखम, सगळं बघायच्या. आबांच्या घरी यायला त्यांना सहावा आठवडा उजाडला.

निरोप सकाळी आला, त्या दुपारी यायच्या होत्या. शपथ्यानं कांदे काढले, टॉवेल काढला, दोर पुसला. मग तक्त्यासमोर उभा राहिला. पहिल्या नऊ दिवसांच्या खुणा होत्या, पुढं दुप्पट केलेल्या दिवसाची एक, बाकी सगळे चौकोन कोरे. त्यानं पेन्सिल घेतली. एकसारख्या दिसू नयेत म्हणून काही खुणा बारीक केल्या, काही ठळक, दोन चौकोन मुद्दाम कोरे ठेवले. खरं वाटावं म्हणून. हे करताना पाठीमागं खाटेवर आबा जागे आहेत हे त्याला ठाऊक होतं. त्यानं वळून पाहिलं नाही.

नर्सबाई आल्या, पाणी प्यायल्या, तक्ता बघून थबकल्या. "हे तुम्ही केलंत? इतक्या घरांत जाते मी, असं कोणी ठेवत नाही." त्यांनी कप्पीचा दोर हातात घेऊन पाहिला. शेजारची दोन-तीन माणसं दारात उभी होती. मनात नको नको होत असतानाही शपथ्याची छाती थोडी फुगलीच, आणि ती फुगलेली त्याला स्वतःला कळली.

"बघू आबा, हात बघू," म्हणून त्या खाटेवर बसल्या.

आबांनी हात चादरीखाली घेतला.

"दाखवा की. दुखतो का?"

आबा त्यांच्याकडे पाहत होते. ओठ हलले, जबडा एका बाजूला ओढला गेला. बराच वेळ लागला. "रोज," ते म्हणाले. मग पुन्हा दम घेऊन, "करतो. रोज. हा."

चांगल्या हातानं त्यांनी मुलाकडे बोट केलं.

सहा आठवड्यांत त्यांनी इतकं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. बापानं आयुष्यात खोटं बोललेलं शपथ्यानं पाहिलं नव्हतं. बूड सैल असलं तर तयार टोपली गिऱ्हाइकासमोर उसवणारा माणूस होता तो.

नर्सबाईंनी चादर बाजूला केली. हात मुठीत मिटलेला होता, अंगठा आत. त्यांनी बोटांखाली आपलं बोट सरकवायला पाहिलं, सरकेना. मग त्यांनी मनगट खाली वाकवलं आणि हळूहळू, करंगळीकडून, मूठ थोडी सैल केली. वास आला. दारातल्या माणसानं नाकाला हात लावला आणि पुन्हा काढला. तळव्याची कातडी पांढरी पडून सोलली होती. वाढलेली नखं आत रुतून चंद्रकोरीसारख्या चार जखमा झाल्या होत्या, त्यातली एक ओली होती.

नर्सबाईंनी तक्त्याकडे एकदा पाहिलं, शपथ्याकडे पाहिलं नाही. "कोमट पाणी आणा, आणि कात्री," एवढंच म्हणाल्या.

बायकोनं पाणी आणलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता. दारातली माणसं एकेक करून निघून गेली. ती माणसं तिथंच हसली असती तरी शपथ्याला बरं वाटलं असतं. नर्सबाई नखं कापत होत्या, प्रत्येक नखासरशी आबांचे डोळे मिटत होते. शपथ्या भिंतीला टेकून उभा होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जखम धुऊन, कोरडी करून, मुठीत मऊ कापडाची गुंडाळी घालून त्या उठल्या, तेव्हा तो म्हणाला, "बाई, आजपासून मी शपथ..."

"शपथ नको," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या. "मला एक सांगा. सकाळी उठल्यावर असं कुठलं काम आहे, जे तुमच्याकडून कधीच राहत नाही? ताप असला तरी, भांडण झालं तरी."

तो गोंधळला. मग म्हणाला, "हौदातल्या कामट्या काढतो. आदल्या दिवशी भिजत घातलेल्या. त्या काढल्या नाहीत तर काळ्या पडतात."

"कधी राहिलंय?"

"नाही."

"कामट्या काढल्या की हात ओले असतात. तसेच आत यायचं. हा तळवा धुवायचा, पुसायचा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जेवढं सहज उघडेल तेवढं उघडायचं, दहापर्यंत मोजायचं, कापड बदलायचं. पाच मिनिटं. संध्याकाळचं या करतील." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "कप्पी वगैरे काही नको. जास्त करायचं नाही. जमलं तरी नाही."

ते ऐकून त्याला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढंसं काम, शाळेतल्या पोराला द्यावं तसं. पण अपमान वाटून घ्यायचाही आपल्याला हक्क उरलेला नाही, हेही त्याच वेळी कळलं.

त्या गेल्यावर त्यानं तक्ता उतरवला आणि चुलीत घातला. मग जेवायला बसला. बायको म्हणाली, "मलाही दिसत होतं. मीही नजर चुकवली." तिनं त्याच्या वाटणीचं ओझं उचलावं, हे त्याला आणखी जड गेलं.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झाल्यावर त्यानं हौदातून कामट्या काढल्या, ओट्यावर निथळत ठेवल्या आणि ओल्या हातांनी आत गेला. आबा जागे होते. कापड काढलं, तळवा धुतला. जखमेला पाणी लागलं तसे आबांच्या पायाचे अंगठे ताणले गेले. करंगळी जेवढी सहज उघडेल तेवढी उघडली. दहापर्यंत मोजलं. बोट जेमतेम पेरभर हललं. नवं कापड घातलं. बाहेर येऊन बसला तेव्हा कामट्यांचं पाणी अजून ठिबकत होतं, इतक्यात झालं होतं.

असे दिवस जाऊ लागले. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि त्याला तेच अवघड गेलं. कोणाला सांगायचं? पाच मिनिटं बापाचा हात धुतो, हे काय सांगणं झालं? कधी जास्त करायची हुक्की यायची, तेव्हा सुजलेला खांदा आठवायचा आणि तो उठायचा. कधी अंग मोडून आलेलं असायचं, पण कामट्या काढाव्याच लागायच्या, आणि त्या काढल्या की पाय आपसूक आत वळायचे. जखमा भरल्या. वास गेला. बायकोशी संध्याकाळी एकदोन शब्द होऊ लागले, "आज मधलं बोट जरा हललं," "मला नाही वाटत," असे.

एक दिवस चुकला. तोडणी संपत आली होती, पण बागवाल्यांना शेवटच्या पन्नास टोपल्या ऊन चढायच्या आत बागेत हव्या होत्या. रात्रीच कामट्या संपवल्या होत्या, हौदात नुसतं पाणी होतं. सकाळी तो थेट टोपल्या हातगाडीवर चढवून निघाला. बागेत पोचून, टोपल्या उतरवून झाल्या तेव्हा त्याचं लक्ष आपल्या कोरड्या हातांकडे गेलं.

बागवाल्यांनी चहा मागवला होता. तोडणीची माणसं सावलीला बसली होती. तो म्हणाला, "मी निघतो. आबांचा हात राहिलाय."

"हात राहिलाय म्हणजे?"

"धुवायचा राहिलाय. रोज सकाळी..."

एक जण हसला. "शपथ घेतलीये का पुन्हा?" दुसरा म्हणाला, "कप्पीला तेल दिलं का रे?" तक्त्याची गोष्ट सगळीकडे पोचली होती तर. "उद्या दुप्पट कर की," पहिला म्हणाला. त्यानं ते सहज म्हटलं, पण शपथ्याला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"दुप्पट करता येत नाही ते," तो म्हणाला, आणि रिकामी गाडी ढकलत निघाला. दोन मैल ऊन होतं. घरी आला तेव्हा दुपार व्हायला आली होती. आबा दाराकडे बघत बसले होते. त्यानं हौदाच्या पाण्यात हात बुडवले आणि आत गेला. पाचच मिनिटं केलं. त्या दिवसानंतर हौदात कामट्या नसल्या तरी तो त्यात आधी हात बुडवायचा.

नर्सबाई मधूनमधून येत राहिल्या. तीन महिने संपले तेव्हा त्यांनी हात बराच वेळ तपासला. करंगळी आणि शेजारचं बोट जवळजवळ सरळ होत होती. अंगठा बाहेर आला होता. तर्जनी आणि मधलं बोट मात्र आकड्यासारखी वाकलेलीच होती.

"ही दोन?" त्यानं विचारलं.

"ती आता अशीच राहतील."

"आणखी केलं तर?"

नर्सबाईंनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "सुरुवातीचे जे दिवस गेले, त्यात ती गेली. तुम्ही आता करताय म्हणून तळवा नीट आहे, दुखत नाही, अंगरख्याच्या बाहीत हात घालता येतो. ते सोडू नका. पण विणणं होणार नाही."

त्याला हे माहीत होतं. तरी कोणीतरी तोंडावर सांगितलं तेव्हा तो मुठीतली कापडाची गुंडाळी उगाच पुन्हा पुन्हा नीट करत राहिला. आबा ऐकत होते. "असू दे," ते म्हणाले. त्यानं मान वर केली नाही.

पुढं थंडी पडल्यावर एका सकाळी गिरणीवाला दारात आला. पिठानं भुवया कायमच्या पांढऱ्या झालेला, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याच्या बायकोला आबांसारखाच झटका आला होता, परवाच दवाखान्यातून घरी आणली होती. "नर्सबाई म्हणाल्या, त्यांच्याकडे जा आणि बघून या कसं करतात ते." तो खाटेजवळ बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "असा मुलगा मिळायला नशीब लागतं, आबा."

पूर्वी हे वाक्य शपथ्यानं आठवडाभर पुरवून पुरवून खाल्लं असतं. आता ते अंगात कुसळासारखं टोचलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. गिरणीवाला पिठाच्या डब्याइतकाच भोळा होता.

"तसं नाहीये," तो म्हणाला. त्यानं आबांचा हात उचलला, समोर धरला. "ही दोन बोटं बघा. ही माझ्यामुळे गेली. महिनाभर मी काही केलं नाही आणि भिंतीवर खोट्या खुणा करून ठेवल्या. आत जखमा झाल्या होत्या. आबांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं." त्यानं हात अलगद खाली ठेवला. "तुमच्याकडे अजून वेळ आहे. म्हणून सांगतो."

गिरणीवाला बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी रोज एक तास देईन. गिरणी बंद ठेवीन पाहिजे तर."

"तास नको. तुम्ही सकाळी सगळ्यात आधी काय करता?"

"जात्याचा पट्टा चढवतो."

"मग पट्टा चढवायच्या आधी, हात पिठात जायच्या आधी. डॉक्टरांनी सांगितलीत तेवढीच मिनिटं. एकही जास्त नाही."

"एवढंच?"

"एवढंच. रोज."

त्यानं गिरणीवाल्याला जवळ बसवलं, आबांचा हात त्याच्या हातात दिला आणि मनगट कसं वाकवायचं ते दाखवलं. गिरणीवाल्याचे हात पोती उचलणारे. त्यानं करंगळी पकडली आणि एकदम सरळ करायला गेला. आबांचा चेहरा आक्रसला. शपथ्या त्याला थांबवणार, तेवढ्यात आबांचा जबडा हलला.

"हळू," आबा म्हणाले.

शब्द पुरता स्पष्ट होता. बायको हातातलं काम टाकून दाराशी आली. गिरणीवाला ओशाळून म्हणाला, "चुकलं, आबा," आणि त्यानं पकड सैल केली. शपथ्या मात्र तसाच बसून राहिला. तो कप्पीचा दोर ओढत होता, आबांना घाम येईपर्यंत, त्यांचा खांदा सुजेपर्यंत, त्या सगळ्या दिवसांत या माणसाच्या तोंडी हा शब्द नव्हता. की होता, पण मुलाला सांगवला नाही? विचारायची त्याची छाती झाली नाही.

गिरणीवाल्यानं पुन्हा करंगळी धरली. या वेळी बोट सावकाश उघडत गेलं. "आता मोजा," शपथ्या म्हणाला, आणि तो परका माणूस त्याच्या बापाच्या हातावर वाकून, मोठ्या आवाजात, दहापर्यंत मोजू लागला.